गुडघ्याला बाशिंग बांधण्यापूर्वी

लग्नाची अनावर घाई झालेल्या माणसाविषयी 'गुडघ्याला बाशिंग बांधून बसला आहे' असे आपल्याकडे म्हणतात. बाशिंगाची जागा कपाळावर. परंतु उतावळ्याला तेवढाही धीर निघत नाही, असा त्या थट्टेचा अर्थ. या वाक्प्रचाराला अलीकडे एक निराळाच, शब्दशः अर्थ प्राप्त होऊ लागला आहे. 'बाशिंग' याच नावाची एक वनस्पती आपल्या सह्याद्रीत, कोकणात आणि गोव्यात झाडांच्या खोडांवर व कातळांवर वाढते. तिचा लवदार कंद गुडघेदुखीवरचा हमखास उपाय म्हणून सुकवून, दळून, सुपाच्या तयार पुडीच्या रूपाने विकला जाऊ लागला आहे. दूरच्या नातेवाइकाने प्रेमाने पाठविलेली किंवा सहलीहून परतताना आणलेली अशी एखादी पुडी स्वयंपाकघरात येते आणि घरात प्रश्न उभा राहतो : घ्यावी की न घ्यावी?

या प्रश्नाचे उत्तर केवळ 'हो' किंवा 'नाही' असे दिले, तर ते ऐकले जात नाही. गुडघा ज्याचा दुखतो त्याला धीर हवा असतो आणि त्याची काळजी वाहणाऱ्याला खात्री हवी असते. म्हणून आधी ही वनस्पती नीट ओळखून घेऊ, मग तिच्या लौकिकाकडे वळू आणि शेवटी आपल्या गुडघ्याकडे.

बांडगूळ नव्हे

बाशिंग हा एक नेचा आहे. फूल, फळ आणि बी यांवाचून वाढणाऱ्या वनस्पतींचा नेचे हा फार प्राचीन वर्ग. वनस्पतिशास्त्रात बाशिंगाला 'ड्रायनेरिया क्वेर्सिफोलिया' म्हणतात. अलीकडच्या वर्गीकरणात त्याचा समावेश 'अग्लाओमॉर्फा' या प्रजातीत केला जातो. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनिअस याने १७५३ साली त्याला 'क्वेर्सिफोलिया', म्हणजे ओक वृक्षासारख्या पानांचा, हे नाव दिले. आपल्या लोकांनी ओक पाहिलेला नव्हता; त्यांनी बाशिंग पाहिलेले होते. भेंडाचे, कागदाचे, बेगड लावलेले ते कंगोरेदार बाशिंग डोळ्यांपुढे आणावे आणि मग एखाद्या जुन्या आंब्याच्या खोडावर ओळीने उभी असलेली या नेच्याची तपकिरी, कातरलेली पाने पाहावीत. वृक्षानेच कपाळाला बाशिंग बांधले आहे असे वाटते. काही भागांत याला 'वांदरबाशिंग' असेही म्हणतात. वनस्पतींच्या नामसूचींत 'अश्वकत्री' हे संस्कृत नावही आढळते.

झाडावर वाढणारी प्रत्येक वनस्पती झाडाचे रक्त शोषते, असा एक सार्वत्रिक समज आहे. बांडगुळाच्या बाबतीत तो खरा आहे : त्याची मुळे यजमान झाडाच्या सालीतून आत घुसतात आणि त्याच्या ओलाव्यावर व अन्नांशांवर जगतात. बाशिंगाचे तसे नाही. त्याची मुळे सालीला केवळ घट्ट धरून राहतात. पाणी पावसाचे आणि धुक्याचे, अन्न स्वतःच्या हिरव्या पानांत तयार केलेले. झाडाकडून तो फक्त जागा घेतो. अशा वनस्पतींना अपिवनस्पती किंवा आश्रयी वनस्पती म्हणतात. पावसाळ्यात फुलणारी सीतेची वेणी ही आमरीदेखील त्याच वर्गातली. झाड नसेल तर बाशिंगाला कातळ चालतो आणि जांभ्याची जुनी भिंतही चालते. दगडाकडून शोषून घेण्यासारखे काही नसतेच; यावरूनही तो परोपजीवी नाही हे सिद्ध होते. अंगणातल्या आंब्यावर किंवा फणसावर बाशिंग आले म्हणून ते खरवडून काढण्याचे, त्यासाठी शिडी लावून कोणी वर चढण्याचे काहीच कारण नाही.

दोन तऱ्हेची पाने

या नेच्याची खरी गंमत त्याच्या पानांत आहे. त्याला दोन तऱ्हेची पाने येतात. पहिली लांब देठाची, हिरवीगार आणि मध्यशिरेपर्यंत खोल कापलेली. ती कधीकधी मीटरभर लांब होतात. सूर्यप्रकाशात अन्न तयार करणे आणि वंशवृद्धी करणे ही दोन्ही कामे त्यांच्याकडे असतात. दुसरी पाने बिनदेठाची, आखूड, रुंद आणि कडेला उथळ कातरलेली. हात-दीड वीत उंचीची. ही कोवळी असताना हिरवी असतात, पण थोड्याच काळात त्यांचा हिरवेपणा जातो आणि ती तपकिरी, कागदासारखी कडक होतात.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही तपकिरी पाने वाळून गेलेली, झाडून टाकण्याजोगी वाटतात. प्रत्यक्षात त्या नेच्याचा सगळा संसार त्यांच्यावर उभा असतो. ती खोडाला टेकून टोपलीसारखी उभी राहतात. वरून गळणारा पालापाचोळा, सालीचे कपचे, धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा त्या टोपलीत साठत जाते, कुजते आणि तिचे खत होते. जमिनीपासून वीस-तीस फूट उंचावर, जिथे मातीचा कणही नाही, तिथे हा नेचा आपली माती आपण तयार करतो. त्या मातीत त्याची मुळे शिरतात, पावसाचे पाणी काही काळ टिकून राहते आणि मुंग्यांना व लहान कीटकांना आसरा मिळतो. ऊन तापले की हीच पाने आतल्या खोडावर सावली धरतात. हिरवेपणा संपल्यावरही ती गळून पडत नाहीत. दीर्घकाळ जागेवर राहून आपले काम करीत राहतात.

उन्हाळ्यात चित्र पालटते. लांब हिरव्या पानांच्या पाकळ्या एकेक करून सुटून पडतात आणि मागे नुसत्या काड्या उरतात. झाड मेले, असे पाहणाऱ्याला वाटते. परंतु तपकिरी पानांच्या आड त्याचे जाडजूड, आडवे वाढणारे खोड जिवंत असते. त्यावर तपकिरी खवल्यांचे दाट आवरण असते. हात लावला तर एखाद्या प्राण्याच्या लवदार पायाला हात लागल्यासारखे वाटते. मृगाच्या सरी पडून हवेत ओलावा आला की याच खोडातून नवी पालवी फुटते. ज्याला बाजारात 'मूळ' किंवा 'कंद' म्हणून विकतात, ते हेच खोड. ते सबंध उपटून काढले की त्या जागचे बाशिंग संपले. फांदी तोडल्यावर झाड जसे पुन्हा फुटते, तसे इथे होत नाही.

पूर्ण वाढलेले हिरवे पान उलटून पाहिले तर त्याच्या पाठीवर शिरांच्या मधोमध तपकिरी ठिपक्यांच्या ओळी दिसतात. ही कीड नव्हे. प्रत्येक ठिपक्यात बीजाणूंच्या सूक्ष्म थैल्या असतात. त्यांतून उडालेला बीजाणू ओलसर सालीवर रुजला की नखाएवढे एक हिरवे पातळ पटल तयार होते आणि त्यावर पाण्याचा थेंब असेल तरच पुढचा नेचा जन्माला येतो. म्हणूनच ओल्या सह्याद्रीत हे कुटुंब सुखाने नांदते. एथेलबर्ट ब्लॅटर आणि द आल्मेडा या अभ्यासकांनी १९२२ साली 'द फर्न्स ऑफ बॉम्बे' हे मुंबई इलाख्यातील नेच्यांवरील पुस्तकच प्रसिद्ध केले होते.

लौकिक कसा वाढला

बाशिंगाचा औषधी उपयोग आजचा नाही. खोकला, अपचन, क्षय आणि रेंगाळलेला ताप यांवर त्याचा कंद दिला जात असल्याच्या, तसेच सुजेवर पानांचा लेप लावला जात असल्याच्या नोंदी भारतीय वनौषधींच्या जुन्या ग्रंथांत आहेत. या नोंदींत सांधेदुखीला मोठे स्थान दिसत नाही. तो लौकिक मुख्यतः तामिळनाडूतून आला. नामक्कल जिल्ह्यातील कोल्ली डोंगरात हा कंद 'मुडवाट्टुकाल' या नावाने ओळखला जातो. तमिळमध्ये आडू म्हणजे शेळी आणि काल म्हणजे पाय. कंदाचे लवदार रूप पाहता हे नाव त्याला शोभते. जिरे, मिरी, लसूण आणि हळद घालून त्याचे सूप करतात. चवीने ते पायाच्या सुपासारखे लागते असे सांगितले जाते, त्यामुळे शाकाहारी मंडळींत त्याचे विशेष कौतुक आहे. डोंगर पाहायला आलेले प्रवासी ते पितात, कंदाचे तुकडे घरी नेतात. आणि आता त्याच्या पुड्या दूरदूरच्या शहरांत मागविता येतात.

दुसरा धागा चीनमधला आहे. तिथल्या पारंपरिक वैद्यकात बाशिंगाचा एक भाऊबंद, 'ड्रायनेरिया फॉर्चुनी', मोडलेल्या हाडांवर वापरतात. त्याच्या चिनी नावाचा अर्थच 'तुटलेले हाड सांधणारा' असा होतो. त्या नेच्यावर पुष्कळ संशोधन झाले आहे. जाहिरातींत मात्र त्या संशोधनाचे श्रेय सरसकट आपल्या बाशिंगाच्या पदरात टाकले जाते. दोघांचे कूळ एक असले तरी जाती निराळ्या आहेत. आंबा आणि बिब्बा हेही एकाच कुळातले. म्हणून एकाचा गुण दुसऱ्याला लावता येत नाही. त्यातच आपल्याकडे 'हाडसांधी' म्हणून ओळखली जाणारी कांडवेल आहे. ती तर नेचाही नाही, द्राक्षाच्या कुळातील वेल आहे. तरी नावांच्या साम्यामुळे या तिन्हींची गल्लत होते.

प्रयोगशाळा आणि गुडघा यांमधले अंतर

'संशोधनाने सिद्ध' असे पुडीवर लिहिलेले असते. त्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. बाशिंगाच्या कंदाच्या अर्काने उंदरांमधील सूज व वेदना कमी झाल्याचे प्रयोग भारतीय शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले आहेत, हे खरे. कंदात नॅरिंजिन यासारखी द्रव्ये असल्याचेही दिसून आले आहे. ही निरीक्षणे मोलाची आहेत आणि पुढील अभ्यासाला वाट दाखविणारी आहेत.

परंतु प्रयोगातला अर्क हा अल्कोहोलसारख्या द्रावकातून काढलेला, मोजून दिलेला असतो. आपल्या वाटीतले सूप हे पाण्यात उकळलेले असते. उंदराच्या पंजाला मुद्दाम आणलेली दोन-चार तासांची सूज वेगळी आणि सत्तर वर्षांच्या गुडघ्यात वीस वर्षे चाललेली कूर्चेची झीज वेगळी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माणसांवर, विशेषतः मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचे विकार असलेल्या वृद्धांवर हा कंद रोज घेतल्याचे काय परिणाम होतात, हे सांगू शकेल अशी मोठी आणि काटेकोर चाचणी या वनस्पतीच्या वाट्याला आलेली नाही. गुण सिद्ध व्हायचा आहे आणि निर्धोकपणाही सिद्ध व्हायचा आहे.

मग 'मला बरे वाटले' असे सांगणारे खोटे बोलतात काय? मुळीच नाही. संधिवाताचे दुखणे भरती-ओहोटीसारखे असते. ते शिगेला पोहोचते तेव्हाच आपण नवा उपाय करतो. आणि शिगेला पोहोचलेले दुखणे काही दिवसांनी आपोआप थोडे उतरते. त्या उताराचे श्रेय हाती असलेल्या उपायाला मिळते. शिवाय गरम, मिरीदार सूप पावसाळी संध्याकाळी सुखावतेच. ते कोणीतरी आपल्यासाठी करून आणले, जवळ बसून प्यायला लावले, यानेही वेदना सुसह्य होते. हे समाधान खरे आहे. पण ते सुनेच्या हातच्या साध्या मुगाच्या सुपातूनही मिळते.

पुडीतला धोका

ताज्या बाशिंगाला जाणकार माणूस ओळखू शकतो. वाळलेल्या तुकड्यांची ओळख पटविणे अवघड, आणि पूड झाली की ती कशाची हे डोळ्यांनी सांगता येत नाही. सगळे नेचे खाण्याजोगे नसतात. 'ब्रॅकन' हा जगभर आढळणारा नेचा चरणाऱ्या गुरांमध्ये कर्करोग घडवून आणतो, हे सिद्ध झालेले आहे. 'वनस्पती आहे, अपाय काय होणार?' हे वाक्य म्हणूनच टिकत नाही.

त्याहून मोठा धोका भेसळीचा. सांधेदुखीवरच्या निनावी पुड्यांत व गोळ्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात वारंवार नोंदविली गेली आहेत. अशी पुडी दोन दिवसांत जादूसारखी लागू पडते. माणूस जिने चढू लागतो, भूक वाढते, घर आनंदते. पुढे चेहरा सुजून गोल होतो, रक्तातील साखर व रक्तदाब चढतो, कातडी पातळ होऊन निळे डाग पडतात. आणि ज्या हाडांसाठी हा खटाटोप केला, ती हाडेच ठिसूळ होतात. म्हणून एक साधी खूण लक्षात ठेवावी : वर्षानुवर्षांचे दुखणे दोन दिवसांत नाहीसे झाले तर आनंद मानण्याआधी शंका घ्यावी.

येथे एक सूचना विशेष महत्त्वाची आहे. अशी शंकास्पद पुडी कित्येक आठवडे घेतली जात असेल, तर ती आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये. स्टेरॉइड अचानक थांबविल्यास अतिशय थकवा, उलट्या, रक्तदाब एकदम उतरणे असे गंभीर परिणाम होऊ शकतात. पुडी सोबत घेऊन त्वरित डॉक्टरांकडे जावे आणि ती किती दिवस, किती वेळा घेतली हे स्पष्ट सांगावे.

घरात हा विषय निघाला तर

शुश्रूषा करणाऱ्यांची इथे खरी कसोटी लागते. वडील म्हणतात, 'आमच्या गावी सगळे घेत असत.' मुलगा म्हणतो, 'बाबा, हे सगळे थोतांड आहे.' संवाद तिथेच संपतो आणि पुडी उशीखाली जाते. लपवून घेतलेले औषध हे उघडपणे घेतलेल्या औषधापेक्षा नेहमीच अधिक धोक्याचे, कारण त्याचा पत्ता डॉक्टरांनाही लागत नाही.

थट्टा किंवा धाक यांऐवजी विचारपूस करावी. 'आई, दुखणे हल्ली जास्त झाले आहे का? रात्री झोप लागते का? चालू असलेल्या गोळ्यांनी पोटात जळजळते का?' पुडीमागे पुष्कळदा एक न बोललेली अडचण असते : गोळ्यांचा कंटाळा, शस्त्रक्रियेची भीती, औषधांच्या खर्चाचा संकोच किंवा आपण घराला भार झालो ही खंत. ती अडचण बाहेर आली की पुडीचा आग्रह अर्धा ओसरतो.

त्यानंतर पुडीविषयी चार गोष्टी एकत्र बसून पाहाव्यात. तिच्यावर वनस्पतीचे पूर्ण नाव, उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक आणि तारीख आहे का? ती 'सर्व रोगांवर' असल्याचा दावा करते का? ती घेण्यासाठी चालू औषधे बंद करायला सांगितले आहे का? आणि आपल्या डॉक्टरांना किंवा वैद्यांना ती दाखविली आहे का? रक्त पातळ करणारी औषधे, मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, किंवा शस्त्रक्रिया ठरलेली असेल, तर विचारल्यावाचून कोणतीही वनौषधी घेऊ नये. तयार सूपपुडीत मीठही बरेच असू शकते, हे रक्तदाबाच्या व हृदयविकाराच्या रुग्णांनी ध्यानात ठेवावे.

गुडघ्याला काय मानवते

ज्याचा आधार भक्कम आहे असे उपाय साधे आहेत. साधे असल्यामुळेच ते दुर्लक्षिले जातात. मांडीचा स्नायू बळकट असेल तर गुडघ्यावरचा ताण घटतो. खुर्चीत ताठ बसावे, एक पाय समोर सरळ करून मांडीचा स्नायू आवळावा, पाच आकडे मोजावेत आणि पाय सावकाश खाली घ्यावा. प्रत्येक पायाने असे दहा वेळा, दिवसातून दोनदा करावे. दुखणे वाढल्यास थांबावे आणि भौतिकोपचार तज्ज्ञांना विचारावे. वजन जास्त असेल तर थोडे कमी करणेही फार उपयोगाचे ठरते : वजन एक किलोने घटले तर चालताना दर पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसून आले. काठी वापरण्यात कमीपणा नाही. मात्र ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरावी. दुकानातून आपल्या मनाने वेदनाशामक गोळ्या आणून रोज घेणे हेही मूत्रपिंडाला व जठराला घातक ठरू शकते; त्यांचा निर्णय डॉक्टरांवर सोपवावा.

पुढील लक्षणे दिसली तर घरगुती उपायांत वेळ दवडू नये :

• सांधा लाल, गरम झाला आणि सोबत ताप आला.
• पडल्यानंतर पायावर भार देता येत नाही.
• एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली.
• सकाळचा ताठरपणा तासाभराहून अधिक काळ राहतो, किंवा अनेक सांधे एकदम सुजतात.
• वजन कारणावाचून घटते आहे आणि रात्रीचे दुखणे झोपू देत नाही.

पाहण्यासाठी बाशिंग

बाशिंग पोटात घेण्याची घाई करू नये, हे खरे. तरी त्याच्याकडे पाठ फिरविण्याचेही कारण नाही. त्याचा सर्वांत निर्धोक उपयोग म्हणजे त्याला पाहणे. आषाढ-श्रावणात जुन्या आंब्यांच्या, वडांच्या खोडांवर, देवराईत, घाटातल्या ओल्या कातळांवर तो ताजा हिरवा झालेला असतो. त्यासाठी डोंगर चढण्याची गरज नाही. कोकणात किंवा गोव्यात रस्त्याकडेच्या झाडांवरही तो दिसतो. पाऊस थांबल्यावर, उजेड असताना, सपाट वाटेवरून, खाचा असलेल्या तळव्याची पादत्राणे घालून आणि कोणाला तरी सोबत घेऊन जावे. शेवाळलेल्या फरशीवर व जांभ्याच्या पायऱ्यांवर पाऊल टाकू नये. मान वर करून पाहायचे झाल्यास आधी उभे राहावे, आधार घ्यावा आणि मगच वर पाहावे. चालता चालता वर पाहण्याने तोल जातो.

ज्यांना बाहेर पडणे शक्य नाही, त्यांना रोपवाटिकेतून आणलेला बाशिंगाचा नेचा सज्जातही ठेवता येतो. जंगलातून तो ओरबाडून आणू नये. नारळाच्या सोडणाचे तुकडे व थोडे पालापाचोळ्याचे खत भरलेल्या टोपलीत किंवा जुन्या ओंडक्यावर तो रुजतो. त्याला कडक ऊन नको, सकाळचा उजेड पुरतो. टोपली बसल्या बसल्या हात पोहोचेल अशा उंचीवर असावी, म्हणजे वाकावे लागत नाही. खाली ताटलीत पाणी साचू देऊ नये, डासांना तेवढे निमित्त पुरते. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी कोरडा पाचोळा उसकू नये. आणि तपकिरी झालेली टोपलीची पाने घरातल्या कोणी 'वाळली' म्हणून कापली, तर त्यांना थांबवावे. त्या पानांचे काम अजून चालू असते. हे नातवंडांना सांगण्याचा अधिकार आजी-आजोबांइतका दुसऱ्या कोणाचा नाही.